जलालपूरच्या लक्ष्मीबाई

माणसाच्या अंतःकरणातील प्रीती व दया ही त्याच्या धर्ममतापासून उत्पन्न होतात, की धर्ममत कोणतेही असो, अथवा मुळीच नसो, ती आपल्या ठिकाणी असावयाची ती असतातच, हा प्रश्न मोठमोठ्या पंडितांनाही सोडविता आलेला नाही. आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळात तो दर दोनतीन वर्षांनी निघतो. एक पक्ष म्हणतो की, ईश्वराचे भय व ईश्वराची भक्ती काढून घेतली तर दयेचा झराच आटेल. दुसरा पक्ष उत्तर देतो की, आमच्या आळीतील अमुक गृहस्थ देवळाची पायरी चढत नाहीत, परंतु रात्री अपरात्री शेजाऱ्याच्या मदतीस प्रथम तेच धावतात. इतक्यात घंटा होते, आणि दोन्ही पक्ष आपापली मते सांभाळून डबा खावयास निघून जातात.

अशा प्रश्नांचा निकाल नुसत्या तर्काने लावू पाहण्यापेक्षा एखाद्या मनुष्याच्या आयुष्यात तो कसा लागत गेला हे पाहणे अधिक हिताचे. असे एक आयुष्य आपल्या अगदी शेजारी जगले गेले. गंगापूर रस्त्याने आज मोटारींची व सायकलींची जी वर्दळ चालते तिच्यातून वाट काढीत नदीच्या वरच्या अंगाला गेले म्हणजे जलालपूर गाव जवळ येते. गोदावरीच्या काठच्या या लहानशा गावी १ जून १८६८ रोजी गोखले यांच्या घरी एक कन्या जन्मास आली. तिचे नाव मनकर्णिका. घरची मंडळी तिला मनू म्हणत. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाली. ती बत्तीस वर्षे हिंदू होती आणि पुढील सुमारे छत्तीस वर्षे ख्रिस्ती. म्हणजे ज्या प्रश्नावर आपण शाळेत वाद घालतो त्याच्या दोन्ही बाजू तिने स्वतःच्या एकाच देहाने पाहिल्या.

मनूच्या घरी धर्म फार होता. १८५७ च्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांस फाशी झाली, आणि त्या भयंकर प्रसंगाचा मनूच्या वडिलांच्या मनावर असा काही आघात झाला की, त्यांना सोवळ्याओवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेला कोणताही जिन्नस धुतल्यावाचून त्यांच्या घरात येत नसे. धान्य तर धुतले जाईच, परंतु मिठासारखा पाण्यात विरघळणारा पदार्थही या नियमातून सुटत नसे! स्नानसंध्या, जपजाप्य, शिवाशिव यांतच त्यांचा दिवस जाई. ते दुष्ट होते असे कोणी म्हणू नये. भ्यालेल्या मनुष्याने शुद्धतेच्या भिंतीआड लपून बसावे तसे ते बसले होते. परंतु त्या भिंतीचा भार बायकोच्या व पोरांच्या डोक्यावर पडला, आणि आपल्या भक्तीपायी घरातील माणसे हैराण होत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. आयुष्याच्या पहिल्याच धड्यात मनूला हे पाहावयास मिळाले की, माणूस अत्यंत धार्मिक असू शकतो आणि तरीही त्याच्या सहवासात कोणाला सुख म्हणून नसते.

पुढे नाशकात आप्तांच्या घरी तिचे संगोपन झाले, आणि वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळक या अठरा वर्षांच्या तरुणाशी तिचा विवाह झाला. (विद्यार्थ्यांनी येथे लोकमान्य टिळकांशी घोटाळा करू नये; परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून तो पुष्कळदा होतो. हे टिळक निराळे. यांना महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो.) त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली झाला. आईच्या मृत्यूनंतर ते नाशकास आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकले. बुद्धी तीव्र, वाणी रसाळ, अंतःकरण लोण्यासारखे. पण राग नाकावर, आणि पायाला चक्र. आज नाशकात तर उद्या मुरबाडला, मग पुण्यास, मग मुंबईस, नंतर नागपुरास. कित्येक वेळा ते घरात काही न सांगता निघून जात आणि इकडे पत्नीने वाट पाहत बसावे. हातात आलेला पैसा वाटेत भेटलेल्या पहिल्या गरजू माणसाचा होई. पुण्य टिळकांच्या पदरी पडे आणि उपास लक्ष्मीबाईंच्या! दानशूर पुरुषांची चरित्रे लिहिताना लेखक त्यांच्या स्वयंपाकघरात सहसा डोकावत नाहीत. ते डोकावून पाहिले म्हणजे एका हाताने दिलेल्या दानाची किंमत कोणत्या हाताने भरली ते कळून येते.

लक्ष्मीबाईंना तेव्हा लिहिता वाचता येत नव्हते. टिळकांनी मनाची लहर लागेल तसे, आज चार अक्षरे तर महिन्याने आणखी चार, असे करीत त्यांस शिकविले. या विचित्र शाळेतून जी विद्यार्थिनी निघाली तिची पुस्तके मराठीच्या वर्गात आज आपण अभ्यासतो. तेव्हा ज्यांना गणिताच्या मास्तरांची शिकविण्याची पद्धत पटत नाही त्यांनी अगदीच निराश होऊ नये.

नागपुरास असताना टिळकांच्या मनात धर्माविषयी मोठी खळबळ चालली होती. जातिभेदाने पोखरलेल्या या देशास एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा त्यांचा ध्यास होता. स्वतःच एखादा नवा धर्म स्थापावा असेही त्यांच्या मनात येई. आगगाडीच्या एका प्रवासात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले. परंतु पुस्तक वाचू लागले ते डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थांबले, आणि पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरीस असताना त्यांचे मन पुरते वळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लक्ष्मीबाई त्या दिवशी जवळ नव्हत्या. पोटाशी चारएक वर्षांचा दत्तू, आणि त्या माहेरच्या माणसांत. बातमी आप्तेष्टांच्या तोंडून आली. त्या काळात पती धर्मांतर करून गेला म्हणजे ब्राह्मण स्त्रीची स्थिती काय होई याची आज कल्पना करणे कठीण आहे. पती जिवंत, म्हणून ती विधवा नाही. पती जातीबाहेर, म्हणून ती सौभाग्यवतीही नाही. लोक कीव करतात, आणि त्या किवेत अपमान मिसळलेला असतो. लक्ष्मीबाई कित्येक दिवस वेड्यासारख्या झाल्या. त्या दुःखातच त्यांच्या मुखातून प्रथम कविता बाहेर पडू लागली.

प्रस्तुत लेखक ख्रिस्ती आहे आणि रेव्हरंड टिळकांची भजने गातच लहानाचा मोठा झाला आहे. तरीही येथे एक गोष्ट लिहिल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. ज्या प्रेममय प्रभूला टिळकांनी त्या दिवशी आपले सर्वस्व दिले, त्याच दिवशी त्यांनी आपल्या पत्नीला अशा खाईत लोटले की, जिच्यातून वर यावयास तिला पाच वर्षे लागली. त्यांची श्रद्धा खरी होती. त्यांचा त्याग खरा होता. आणि लक्ष्मीबाईंवर त्यांचे प्रेमही खरेच होते, कारण पुढे पत्रांमागून पत्रे पाठवून त्यांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. परंतु सत्यास सामोरे जाण्याच्या भरात जवळच्या माणसाच्या हृदयावर आपला पाय पडला आहे हे पाहण्यास श्रद्धा आपोआप डोळे देत नाही. ते डोळे माणसाला निराळे कमवावे लागतात.

मग त्या काळात लक्ष्मीबाईंवर दया कोणी केली? त्यांची बहीण भिकूताई व मेहुणे पेंडसे यांनी. ही माणसे जुन्या वळणाची, सणवार पाळणारी, जातीच्या बंधनात राहणारी. धर्मांतरिताच्या बायकोला व मुलाला घरात ठेवणे म्हणजे चार लोकांची बोलणी पदरी घेणे, हे त्यांस ठाऊक होते. तरी त्यांनी दार उघडे ठेविले. त्या काळातील काही दिवस लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात त्यांच्या आश्रयाने काढले. विठ्ठलाच्या नगरीत, विठ्ठलाच्या भक्तांनी, ख्रिस्ताकडे गेलेल्या माणसाचे कुटुंब सांभाळले! नव्या करारात वाटसरूच्या जखमा बांधणाऱ्या शोमरोन्याची जी गोष्ट आहे ती रविवारच्या शाळेत आपण लहानपणीच ऐकतो, आणि कदाचित त्यामुळेच तिच्यातील मख्खी आपल्या ध्यानी येत नाही. प्रभूने ही गोष्ट ज्या लोकांना सांगितली, त्यांच्या दृष्टीने शोमरोनी मनुष्याचे धर्ममत सर्वस्वी चुकीचे होते. मत बरोबर असलेले दोघे जण त्याच वाटेने आधी निघून गेले होते. शोमरोन्याने प्रथम आपले मत सुधारावे आणि मग दया करावी, असे त्या गोष्टीत कोठेही म्हटलेले नाही.

त्याच १८९५ च्या जून महिन्याच्या १७ तारखेस पुण्यात गोपाळ गणेश आगरकर वारले. धर्ममताचा विषय निघाला असता त्यांचा उल्लेख टाळणे हे भित्रेपणाचे होईल. आगरकरांची ना हिंदू धर्माच्या आचारांवर श्रद्धा होती, ना दुसऱ्या कोणत्या धर्मावर. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी ते साशंक होते आणि तसे उघडपणे लिहीत. एम. ए. झालेल्या या पुरुषाने मोठ्या पगाराची वाट सोडून पोटापुरत्या वेतनावर शिक्षकाचा पेशा पत्करला. बालविधवांच्या केशवपनाविरुद्ध व बालविवाहाविरुद्ध ते ‘सुधारका’त लिहीत राहिले, आणि त्याबद्दल पुण्यातील लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दम्याने देह झिजत असताना फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. आपल्या अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे बाजूस बांधून ठेविले होते, असे सांगतात. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या व्रतवैकल्यांच्या आड आगरकर कधी आले नाहीत. स्वर्गाची आशा नाही, नरकाचे भय नाही, अशा मनुष्याच्या ठिकाणी इतकी करुणा होती. आम्हा धर्म शिकविणाऱ्यांनी हे चरित्र पुनःपुन्हा वाचावे असे मला वाटते. त्याचे खंडन करता येत नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही.

लक्ष्मीबाईंकडे वळू. सुमारे चार वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगरास टिळकांजवळ आल्या. आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, नवऱ्याजवळ राहण्यासाठी. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे कडक. जलालपूरच्या वडिलांचा वारसा त्यांनी आपल्याबरोबर नगरास आणिला होता. टिळकांनी या सोवळ्यास धक्का लाविला नाही. १८९५ साली त्यांच्या ठिकाणी जी समजूत दिसली नाही ती आता दिसू लागली. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन चुली, असा तो संसार होता. आजूबाजूस मिशनची वस्ती, आणि तीत बहुतेक मंडळी ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत त्या जातींतून आलेली. लक्ष्मीबाई त्यांच्याशी गोड बोलत, त्यांच्या आजारपणात विचारपूस करीत. पण अंग चोरून. एखाद्या बाईचे पोर रडू लागले तर त्यांचे मन धावे, पण हात थांबे.

मन धावे आणि हात थांबे, या एका गोष्टीपाशी मी स्वतः पुष्कळ विचार केला आहे, आणि त्यांच्या चरित्राचे सारे मर्म मला येथे दिसते. लक्ष्मीबाईंना प्रेम कोणी शिकवावे लागले नाही. ते जलालपुरात होते, नाशकात होते, पंढरपुरात होते. परंतु त्याच्याभोवती जे कुंपण होते ते धर्माच्या नावाने घातलेले होते, आणि वडिलांच्या भयाने ते अधिकच उंच झाले होते. ते कुंपण एके दिवशी त्यांनी स्वतःच काढून टाकिले. आपल्याशीच विचार करीत असता त्यांच्या मनात आले की, देवाने पशू निर्माण केले, पक्षी निर्माण केले, त्यांच्या जाती तर दिसताच ओळखू येतात. मग माणसामाणसांत देवाने अशी कोणती खूण ठेविली आहे? ब्राह्मण कोणता व महार कोणता हे सांगितल्यावाचून कळत नाही, तेव्हा हा भेद देवाचा नसून माणसाचा असला पाहिजे. झाले! त्या क्षणी निश्चय झाला की, येथून पुढे कोणाच्याही हातचे खाईन, कोणाच्याही हातचे पाणी पिईन. एवढी उलथापालथ त्यांच्या मनात झाली, आणि लक्षात ठेवावयाचे ते हे की, तेव्हा त्यांनी ख्रिस्ती होण्याचे ठरविलेले नव्हते. जातिभेद आधी गेला. बाप्तिस्मा मागाहून आला, १९०० साली.

यावर कोणी असे म्हणेल की, ख्रिस्ती मंडळीत राहिल्यामुळेच त्यांना हा विचार सुचला. त्यात तथ्य आहे. ज्या घरात त्या राहत होत्या त्या घरात सर्व जातींची माणसे एका पंक्तीस बसत, आणि हे दृश्य रोज डोळ्यांपुढे असल्यावर मनावर परिणाम न होईल तर नवल. उलट कोणी असेही म्हणेल की, ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम यांच्या ओव्याअभंग ऐकत वाढलेल्या बाईला भूतदया परकी नव्हती. तेही खरे. एकनाथांच्या पैठणावरून जाणारी गोदावरी जलालपुरावरूनच पुढे जाते. लक्ष्मीबाईंनी स्वतः आपल्या नव्या श्रद्धेचे ऋण आयुष्यभर मानिले, आणि त्यांच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते असे समजण्याचा अधिकार आपल्यास नाही. मात्र एवढे दिसते की, श्रद्धेने त्यांस नवे हृदय आणून दिले नाही. होते त्या हृदयास मोकळीक दिली, आणि पुढील कष्टांत ते थकू दिले नाही. हे काम लहान नव्हे.

कष्ट तर पुष्कळ होते. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात नगर जिल्ह्यातील खेडी ओस पडली आणि मिशनची अनाथालये पोरक्या मुलांनी भरून गेली. टिळक दांपत्याच्या घरी अशी मुले येत, राहत, वाढत. टिळकांनी मूल घेऊन यावे आणि लक्ष्मीबाईंनी आधी चारचौघांत रागवावे, मग त्याचे डोके विंचरावे, असा क्रम असे. नगरास प्लेगाची साथ आली तेव्हा, जवळच्या नातलगांनीही ज्यांच्यापासून पळ काढावा अशा रोग्यांच्या छावणीत राहून लक्ष्मीबाईंनी शुश्रूषा केली. ज्या बाईच्या बापाच्या घरी मीठसुद्धा धुतले जाई, तिने कोणाकोणाच्या अंगाला हात लाविले असतील याचा वाचकांनी विचार करावा. नगर व राहुरी येथील त्यांच्या घराचे दार कोणासही बंद नसे. त्या दारातून काय काय आत आले आणि काय काय बाहेर गेले, याचा हिशेब टिळकांनी कधी ठेविला नाही, आणि लक्ष्मीबाईंनी ठेविला तो केवळ पुढे हसण्यासाठी.

त्या घरी आलेल्या मुलांपैकी एक आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. १९०७ साली जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या कवितेने सभा जिंकली. हेच आपले बालकवी. टिळकांनी त्यांस आपलेसे केले आणि पुढे काही काळ ते नगरास टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्या हट्टी, हळव्या, खोडकर मुलास पोटच्या पोरासारखे वागविले. बालकवी ब्राह्मण कुळातले; ख्रिस्ती घरात राहिले, जेवले, खेळले, आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले. आपल्या मायेच्या मोबदल्यात त्यांच्याकडून काही मागावे असे त्या घरात कोणाच्या मनात आले नाही. १९१८ च्या मे महिन्यात खानदेशात भादली स्टेशनाजवळ रुळांवर बालकवींचा अंत झाला, तेव्हा नगरच्या या ख्रिस्ती मातेस पुत्रशोकच झाला.

टिळकांच्याही मनाची वाट या वेळेपर्यंत पुष्कळ पुढे गेली होती. परकी वळणाची उपासना, परकी रीतिभाती, मिशनरी व देशी ख्रिस्ती यांच्यातील अंतर, ही त्यांस फार दिवस सलत होती. त्यांनी भजने रचिली ती अभंगाच्या चालीवर, कीर्तने केली ती हरिदासी थाटात. १९१७ साली त्यांनी मिशनच्या नोकरीचा त्याग केला, संन्यस्त वृत्ती स्वीकारिली, आणि ‘देवाचा दरबार’ नावाचे एक बंधुमंडळ काढिले. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती आणि न झालेल्यांनाही. ज्या मनुष्याने एका बाप्तिस्म्यासाठी घरदार, जात, बायकोमूल दूर केले होते, त्यानेच आयुष्याच्या अखेरीस प्रेमाच्या दारावर बाप्तिस्म्याची अट ठेविली नाही. हा बदल त्यांच्यात कोणामुळे झाला हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. मला आपले वाटते की, दोन चुलींच्या त्या संसाराचा त्यात काही वाटा असावा. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले. त्यामुळे दरबाराचे काम फार दिवस चालू शकले नाही.

लक्ष्मीबाई आता पन्नाशीच्या होत्या, आणि हाती पैसा नव्हता. काही दिवस त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहिले, पुढे मुलाबरोबर कराचीस गेल्या. जेथे गेल्या तेथे कोणाचे तरी मूल त्यांच्या पदराला धरून चालू लागे. याच काळात दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून देण्याचा त्यांच्याकडे आग्रह धरिला. त्या लिहू लागल्या, आणि पतीचे चरित्र लिहिता लिहिता मराठीतील एक अपूर्व आत्मचरित्र तयार झाले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्याची इंग्रजीत भाषांतरे झाली आहेत. शांता गोखले यांनी केलेले भाषांतर २०१७ साली बाहेर पडले.

हे पुस्तक ज्यांनी अद्याप वाचिले नसेल त्या विद्यार्थ्यांनी ते या सुट्टीत वाचावे, आणि पालकांनीही ते त्यांच्या हातून काढून घेऊन वाचावे. धर्मांतर करणारे लोक पुष्कळदा आपल्या मागच्या घरावर दगड मारितात; लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तसा एक खडाही नाही. सोवळ्याने पछाडलेले वडील, संतापी सासरे, लोकलज्जेस भिणारे आप्त, या सर्वांवर त्या हसतात, परंतु त्या हसण्यात विष नाही. ख्रिस्ती मंडळीतील दोषांवरही त्या तितक्याच मोकळेपणाने हसतात. आणि सर्वांत अधिक हसतात त्या स्वतःवर. टिळकांचा राग, टिळकांचा विसरभोळेपणा, टिळकांचे घर सोडून जाणे, हे सारे त्यांनी लपविल्यावाचून सांगितले आहे. तरी वाचून झाल्यावर टिळकांविषयी वाचकाच्या मनात प्रेमच उरते. क्षमा केली असे त्या कोठेही म्हणत नाहीत. पेंडशांच्या घरचा आश्रय आणि नगरच्या मिशनमधील आश्रय यांत उजवे डावे केलेले मला तरी त्या पुस्तकात आढळले नाही.

आणखी एक काम त्यांनी हाती घेतले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध मराठीत सांगावे म्हणून टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्यास आरंभ केला होता, पण पहिले काही अध्यायच ते लिहू शकले. ज्यांना नवऱ्याने लहरीलहरीने अक्षरे शिकविली होती, त्या लक्ष्मीबाईंनी ते काव्य पुढे नेले. नाझरेथच्या सुताराची कथा त्यांनी जलालपुरात व नाशकात लहानपणी कानांवर पडलेल्या पोथ्यांच्या छंदात सांगितली. उरलेले बहुतेक सर्व अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशकात त्यांचा अंत झाला, तेव्हा ग्रंथ पूर्ण होण्यास थोडेच राहिले होते. शेवटचा अध्याय दत्तूने लिहिला.